डोमेन कोणाच्या नावावर?

जानेवारी 2017 मध्ये सुंदर पिचाई यांनी दिल्लीत जाहीर केले, की भारतातल्या लहान व्यावसायिकांना गुगल फुकट वेबसाइट बनवून देईल. दुकानाचे नाव, फोन नंबर, नकाशा आणि चार फोटो भरले की मोबाइलवर दहा मिनिटांत साइट तयार. पत्त्याच्या शेवटी ‘बिझनेस डॉट साइट’ असायचे. कार्डांवर, बिलबुकांवर, पिशव्यांवर तो पत्ता छापला गेला. मार्च 2024 मध्ये गुगलने या सगळ्या साइट बंद केल्या. 10 जून 2024 पर्यंत जुन्या पत्त्यावर येणारा माणूस गुगलवरच्या प्रोफाइलकडे वळवला जात होता, त्यानंतर तेही थांबले. छापलेला पत्ता टाइप करणाऱ्याला समोर काहीच दिसेना.

गुगलने फसवले असे म्हणता येणार नाही. फुकट दिलेली जागा होती, देणाऱ्याने परत घेतली. मला बोलायचे आहे ते आपल्याबद्दल, म्हणजे पैसे घेऊन वेबसाइट बांधणाऱ्यांबद्दल. नागपुरात धरमपेठेतल्या, सीताबर्डीवरच्या, परसोडीच्या आयटी पार्कभोवतीच्या आपल्या लहान लहान कचेऱ्यांमधून जी कामे बाहेर पडतात, त्यांतली डोमेन कोणाच्या नावावर असतात? इतवारीतल्या व्यापाऱ्याने पैसे भरले, त्याच्या दुकानाचे नाव डोमेनमध्ये आहे, पण नोंदणीत नाव, ईमेल आणि मोबाइल आपला. होस्टिंगच्या पॅनेलचे लॉगिन आपले. गुगल प्रोफाइलचा मुख्य मालकही आपणच. व्यापाऱ्याला यातले काही ठाऊक नसते, कारण त्याला कोणी सांगितलेले नसते.

डोमेनवर हक्क कोणाचा, याचे उत्तर सरळ आहे. नोंदणीत ज्याचे नाव, त्याचा हक्क. पैसे कोणी दिले, दुकान किती पिढ्यांचे आहे, हे रजिस्ट्रार विचारत नाही. मग काम करणारा मुलगा पुण्याला नोकरीला जातो, एजन्सी बंद पडते, नाहीतर एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभालीच्या, पैशांवरून वाजते. रिन्युअलची सूचना मालकाला कधीच न पोहोचता भलत्याच इनबॉक्समध्ये पडून राहते आणि एके दिवशी साइट उघडत नाही. ‘डॉट इन’साठी तंट्याची सोय आहे, नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाचे त्यासाठी स्वतंत्र धोरण आहे. पण पन्नास रुपयांच्या मसाल्याच्या पुड्या विकणारा माणूस लवादापुढे कागद घेऊन उभा राहील, अशी अपेक्षा आपण कशी करावी?

म्हणून पहिल्या कोटेशनमध्येच चार ओळी स्पष्ट असाव्यात. डोमेन मालकाच्या नावावर, मालकाच्या ईमेलवर. ‘डॉट इन’ एका वेळी दहा वर्षांपर्यंत घेता येते. धंदा जुना आणि स्थिर असेल, तर निदान पाच वर्षांचे घ्यायला लावा. होस्टिंगचा पासवर्ड मालकाकडे, आपल्याला वेगळे लॉगिन. गुगल प्रोफाइलवर मालक म्हणून तोच, आपण फक्त व्यवस्थापक. काम संपले की बॅकअप, मूळ फोटो आणि लोगोची फाइल त्याच्या पेनड्राइव्हवर. आपले काही जण म्हणतात, किल्ल्या दिल्या की गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाते. जाईल. पण किल्ल्या अडकवून टिकवलेले गिऱ्हाईक दुसरे काम देत नाही आणि शेजारच्या दुकानात आपले नावही सुचवत नाही. नागपूरसारख्या शहरात, जिथे निम्मे काम ओळखीने येते, तिथे हा तोटा मोठा आहे.

मालकीचा मुद्दा नोंदणीच्या कागदावर संपत नाही. साइटवरचे शब्द कोणाचे असतात ते पाहा. टेम्प्लेट घेतले, वर तीन फोटोंचा स्लायडर, खाली दर्जा, विश्वास आणि ग्राहकांचे समाधान. हीच वाक्ये फरसाणाच्या दुकानाला, हीच बोअरवेलवाल्याला, हीच दातांच्या डॉक्टरला. ज्याच्या धंद्याबद्दल लिहायचे त्याला आपण काही विचारलेलेच नसते. लोगोचा रंग विचारतो, मेनूत किती पाने हवीत ते विचारतो. गिऱ्हाईक फोनवर काय विचारते, हे मात्र विचारत नाही.

संत्रा बर्फी घ्या. बाहेरगावचा माणूस नागपूर सोडताना हमखास घेतो ती वस्तू. तो काय विचारतो? किती दिवस टिकते? फ्रिजमध्ये ठेवावी लागते का? पुण्याला पोहोचेपर्यंत उन्हात खराब होईल का? उपवासाला चालते का? खऱ्या संत्र्याचा गर आहे की नुसता इसेन्स? रेल्वे स्टेशनजवळ कुठे मिळेल आणि सकाळी किती वाजता दुकान उघडते? काउंटरवरचा माणूस या सहा प्रश्नांची उत्तरे न बघता देतो. ती उत्तरे त्याच्याच शब्दांत पहिल्या पानावर आली, की साइटचे निम्मे काम झाले. लोक गुगलवर विचारतात तेही असेच. मजकूर असा असला की शोधात वर येण्यासाठी वेगळी जादू करावी लागत नाही. एखाद्या दुकानात दोन दुपारी बसा, येणारे फोन ऐका आणि वहीत टिपून घ्या. मजकूर लिहिणाऱ्याला यापेक्षा चांगला कच्चा माल कुठेही मिळणार नाही.

हिंगणा आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींत प्रश्न वेगळे, पण रीत तीच. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांसाठी सुटे भाग पुरवू पाहणाऱ्या कारखान्याची साइट पाहणारा माणूस खरेदी विभागातला असतो. कोणती मशीन आहे, किती मोठा जॉब बसतो, कोणत्या धातूवर काम होते, किती मायक्रॉनपर्यंत अचूकता मिळते, चाचणीचा दाखला कोण देतो, हे त्याला हवे असते. हस्तांदोलन करणाऱ्या परदेशी माणसांचा विकतचा फोटो त्याच्या काही कामाचा नाही. लेथपुढे उभ्या असलेल्या खऱ्या कारागिराचा मोबाइलवर काढलेला फोटो मात्र तो थांबून बघतो.

आणि साइट मालकाला स्वतः बदलता यायला हवी. संत्र्याच्या व्यापारात हे सगळ्यात जास्त जाणवते. आंबिया बहाराचे फळ साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येते, मृग बहाराचे फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास. मधले महिने फळ नसते. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शीकडचा बागायतदार थेट पेटी पाठवायला निघाला, तर त्याच्या साइटचे पहिले पान वर्षातून किमान चार वेळा बदलले पाहिजे. तोडणी केव्हा सुरू, पेटीत किती किलो, कोणत्या गावांना किती दिवसांत पोहोचते, बहार संपला तर पुढचा केव्हा, आणि तोवर नाव नोंदवून ठेवायची सोय. हे बदल तो शेतातून, मोबाइलवरून, मराठीत करू शकला पाहिजे. त्यासाठी आपल्याला फोन करावा लागला, आपण दोन दिवसांनी उचलला आणि पाचशे रुपये मागितले, तर मे महिन्यातही त्याची साइट ताजी संत्री विकत बसेल. वर्डप्रेसमध्ये हे करणे अवघड नाही. बदलायच्या तीन-चार जागा आखून द्यायच्या, बाकीचे सगळे त्याच्या नजरेआड ठेवायचे. मग त्याच्या शेजारी बसून त्याच्याच हाताने दोनदा करून घ्यायचे.

इथेच आणखी एक गोष्ट. नागपूर संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पुढे भिवापूरच्या मिरचीलाही मिळाले. त्या मानांकनाचे चिन्ह इंटरनेटवरून उतरवून कोणाच्याही साइटवर चिकटवण्याची सवय आपण सोडली पाहिजे. 1999 च्या कायद्याप्रमाणे अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असलेल्यालाच ते वापरता येते. आपल्या गिऱ्हाइकाची नोंद आहे का, हे विचारा. नसेल तर ती करून घ्यायला सांगा. त्याच्या मालाला त्यातून जे मिळेल, ते कोणत्याही बॅनरने मिळणार नाही.

मराठीबद्दल लिहिताना मला थोडे तीव्र व्हावे लागते. आजही मराठी मजकूर कोरल ड्रॉमध्ये जुन्या फॉन्टात टाइप करून, चित्र बनवून साइटवर टाकला जातो. तो गुगलला वाचता येत नाही, अंध वापरकर्त्याच्या स्क्रीन रीडरला वाचता येत नाही, गिऱ्हाइकाला त्यातला फोन नंबरही दाबता येत नाही. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये फिरवायला आता काही मिनिटे लागतात. इंग्रजी मथळ्यांना शोभते म्हणून अक्षरांमधले अंतर वाढवायची आज्ञा मराठीलाही लागू होते आणि शिरोरेखेचे तुकडे पडतात. ओळींमधले अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवले, की वरचा रफार आणि खालचा उकार एकमेकांवर चढतात. ‘मुक्त’, ‘बालू’ यांसारखे ‘एक टाइप’ या संस्थेचे सुंदर देवनागरी फॉन्ट विनामूल्य उपलब्ध आहेत. फक्त लागतील तेवढीच वजने घ्या, कारण जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल जड असते. लोक मात्र शोधताना बहुतेकदा रोमन लिपीत टाइप करतात, म्हणून पानाचा पत्ता आणि फोटोंची नावे रोमनमध्ये ठेवावीत. मराठीतून विकणाऱ्याची साइट मराठीत असणे हे भाषाप्रेमासाठीही हवे, पण आधी धंद्यासाठी हवे.

वेगाबद्दल थोडक्यात. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, हे गुगलचे माप आहे, आणि ते चारपैकी तीन भेटींत साधले पाहिजे. आपल्या फायबरवर, लॅपटॉपवर तपासून भागणार नाही. साधा अँड्रॉइड फोन घेऊन कळमन्याच्या बाजारात लिलाव चालू असताना उभे राहा आणि पान उघडा. स्लायडर आपोआप काढावासा वाटेल.

जाहिरातीकडे येताना बहुतेक जण फेसबुकपासून सुरुवात करतात. मी खोक्यापासून करीन. बर्फीचा डबा पुण्याला, हैदराबादला, रायपूरला जातो आणि चार घरांत फिरतो. त्यावर क्यूआर कोड, त्यातून थेट पुन्हा मागवायचे पान. यासाठी दर महिन्याला कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. त्यानंतर गुगल प्रोफाइल, ज्यात वेळा खऱ्या आणि फोटो दुकानाचेच. मग व्हॉट्सअॅप बिझनेस. जाहिरातीवरचा खर्च सगळ्यात शेवटी, कारण गळक्या पानावर आणलेले गिऱ्हाईक पैशांसकट वाहून जाते. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅप सहा तासांच्या आसपास बंद होते. ज्यांची ऑर्डर घेण्याची एकमेव जागा तीच होती, त्यांचा त्या रात्रीचा धंदा बुडाला. या माध्यमांवर जरूर असावे, पण तिथून येणारी वाट स्वतःच्या डोमेनवर यावी.

खोटे रिव्ह्यू लिहून देणे आणि ‘फक्त दोन पेट्या उरल्या’ असा खोटा आकडा फिरवत ठेवणे, ही कामे कोणी मागितली तरी नाकारावीत. असली घाई दाखवणे केंद्र सरकारच्या 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत निषिद्ध प्रकारांत मोडते. ऑनलाइन विकणाऱ्याने स्वतःचे कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचा संपर्क दाखवणे 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनी बंधनकारक आहे. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. खाण्याच्या वस्तूसाठी एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक, आणि पाकिटबंद मालासाठी वजन, किंमत, उत्पादकाचे नाव या नोंदी पानावर हव्यात. दुकानदाराला हे ठाऊक नसेल, पण आपल्याला असलेच पाहिजे.

आंबिया बहाराची पहिली तोडणी तोंडावर आहे, पाठोपाठ दिवाळी आणि लग्नसराई. हंगाम सुरू झाला की कोणालाच वेळ नसतो. म्हणून या महिन्यात एक काम करा. आपल्या कचेरीच्या नावावर किती गिऱ्हाइकांची डोमेन आहेत, त्यांची यादी काढा. एकेकाला फोन करून त्याचा स्वतःचा ईमेल घ्या, नोंदणीतले नाव बदला, दुसऱ्या रजिस्ट्रारकडे जायचे असेल तर ट्रान्सफर कोड द्या आणि त्याचे बिल लावू नका. हे करताना येणाऱ्या अडचणी आम्हाला कळवा. पुढच्या अंकात रजिस्ट्रारनिहाय पद्धत पायरीपायरीने छापायची आहे.