कळफलक मुका झाला तर

मालेगाव तालुक्यातील किन्हीराजासारख्या गावांतही आता उधारीची नोंद, मालाची मागणी आणि जीएसटीचे विवरण मोबाइलवरून होऊ लागले आहे. काचेवर बोटे फिरवून कंटाळलेला व्यापारी मग बिनतारी कळफलक घेतो. मासिक विवरणाची २० तारीख तोंडावर असताना नेमका तोच मुका होतो. अशा वेळी दोष कळफलकाचाच असतो असे नाही.

रोजमेळ जुळला नाही म्हणून कोणी सारी वही नव्याने लिहीत नाही. एकेक नोंद तपासतो. येथेही तोच क्रम ठेवावा. प्रथम बॅटरी बदलावी किंवा चार्ज करावी. मोबाइल बंद करून पुन्हा सुरू करावा. ब्लूटूथचा कळफलक तरीही चालला नाही, तर मोबाइलमधील ब्लूटूथच्या यादीतून त्याचे नाव काढून टाकावे, कळफलकावरील जोडणीची कळ दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरावी आणि नव्याने जोडणी करावी. पडद्यावर अंक दिसल्यास ते कळफलकावरच टंकून एंटर दाबावे; ही पायरी हमखास राहून जाते. घरातील दुसऱ्या टॅबशी तो आधीच जोडला गेला असेल, तर त्या टॅबचे ब्लूटूथ बंद करावे. अक्षरे उमटतात पण मराठी उमटत नाही, असे झाल्यास सेटिंग्जमधील ‘फिजिकल कीबोर्ड’ येथे भाषेची मांडणी निवडावी.

खरा धोका मात्र कळफलक अर्धवट चालतो तेव्हा असतो. ब्लूटूथ आणि बहुतेक वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात चालतात. त्यात मध्ये लोखंडी कपाट आले वा बॅटरी उतरली, की एखादी कळ गळते किंवा दोनदा उमटते. एक शून्य वाढले तर ५,००० चे ५०,००० होतात! म्हणून रक्कम पाठवण्यापूर्वी आकडा एकदा मोठ्याने वाचावा.

आणखी एक सावधगिरी. ब्लूटूथऐवजी स्वतंत्र रिसीव्हरवर चालणारे काही स्वस्त कळफलक टंकलेला मजकूर उघडाच प्रसारित करतात, हे अमेरिकेतील सुरक्षातज्ज्ञांनी २०१६ मध्ये दाखवून दिले. तेव्हा बँकेचा पासवर्ड आणि पिन मोबाइलच्या काचेवरच टंकावा. थोडा वेळ जाईल, पण तिजोरीची किल्ली आपल्याच कनवटीला राहील.