घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे



दिवसभर राबलेला माणूस रात्री घोरू लागला की घरातली माणसे म्हणतात, "दमलाय बिचारा, कसा गाढ झोपलाय बघा!" कुणी कुंभकर्ण म्हणून हसतात, कुणी अंथरूण उचलून ओसरीवर जातात. अधूनमधून थोडेफार घोरणे ही काही मोठी व्याधी नव्हे. परंतु घोरता घोरता ज्याचा श्वास मध्येच थांबतो, तो गाढ झोपलेला नसतो. तो रात्रभर हवेसाठी झगडत असतो.

हे कसे घडते ते विहिरीवरच्या पंपावरून चटकन ध्यानात येईल. सक्शनला आपण कडक पाईप लावतो. तेथे मऊ पाईप लावला तर ओढ बसताच तो चपटा होतो आणि पंप पाणी सोडतो. आपला घसा हा असाच मऊ पाईप आहे. जागेपणी स्नायू त्याला उघडा ठेवतात, झोपेत ते सैल पडतात. माणूस उताणा असेल तर जीभ आणि खालचा जबडा मागे सरकतो. वाट अरुंद झाली की पडजीभ व मऊ टाळू हवेने थरथरतात; तोच घोरण्याचा आवाज. वाट पुरती मिटली की आवाज एकदम बंद होतो. छाती-पोट हलत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकतो, माणूस मोठा आचका देऊन श्वास घेतो आणि पुन्हा घोरू लागतो. सकाळी त्याला यातले काहीही आठवत नाही.

असा श्वास १० सेकंद किंवा अधिक अडला की डॉक्टर तो एक अडथळा मोजतात. तासाला ५ ते १५ अडथळे म्हणजे सौम्य, १५ ते ३० म्हणजे मध्यम आणि ३० च्या वर म्हणजे तीव्र विकार. ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा! प्रत्येक वेळी रक्तदाब चढतो. अशी वर्षे गेली की कायमचा रक्तदाब, हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका वाढतो.

शेतकऱ्याला आणखी एक धोका आहे, तो म्हणजे दिवसा येणारी डुलकी. ट्रॅक्टरचे चाक हाती असताना, मळणीयंत्रात पेंढ्या सारताना किंवा कडबाकुट्टीवर हात असताना एक डुलकी पुरते. आठ तास झोपूनही सकाळी डोके जड, दिवसभर पेंग, असे होत असेल तर त्याला आळशी म्हणू नये. त्याची झोप झालेलीच नसते.

आता उपचारांकडे वळू. घोरण्यावर दातांचे डॉक्टर उपचार करतात हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. पण जीभ खालच्या जबड्याला बांधलेली असते. जबडा पुढे ओढला की जीभही पुढे येते आणि वाट मोकळी होते. दंतवैद्य दोन्ही दंतपंक्तींचे माप घेऊन वर-खाली बसणाऱ्या दोन पट्ट्या तयार करतात. त्या रात्री घालायच्या, सकाळी काढून धुवायच्या. खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरला जातो आणि हे अंतर हळूहळू वाढवतात. नुसते घोरणे तसेच सौम्य व मध्यम विकार यांत याचा चांगला उपयोग होतो. सुरुवातीला लाळ सुटते, सकाळी जबडा दुखतो. दीर्घ वापराने दातांची ठेवण थोडी बदलू शकते, म्हणून ठरावीक काळाने तपासणी हवीच. बाजारातली तयार पट्टी मनाने आणून तोंडात घालू नये.

यात एक अडचण मात्र आपल्या हातची आहे. पट्टी धरून ठेवायला दोन्ही जबड्यांत पुरेसे मजबूत दात लागतात. तंबाखू आणि मिश्री यांनी हिरड्या खराब होऊन दात हलू लागले किंवा पडले, तर हा उपचार बहुधा करता येत नाही. मेढ सैल असेल तर मांडव कशाच्या आधारावर उभा राहणार?

विकार तीव्र असेल तर नाकावर मुखवटा लावून हवेचा सौम्य दाब देणारे यंत्र वापरतात. १९८१ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी ही पद्धत जगापुढे मांडली. पाणी सोडताच चपटा पाईप फुगून उघडा राहतो, तसाच हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो.

घरच्या घरी करण्यासारखे पुष्कळ आहे. वजन उतरवावे. दारू आणि मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. त्यांनी घसा अधिकच सैल पडतो. कुशीवर झोपावे. बंडीला पाठीकडून खिसा शिवून त्यात चेंडू ठेवला तर माणूस उताणा होत नाही. लहान मूल रोज घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल तर टॉन्सिलसाठी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.

भगिनींनो, या रोगाची पहिली साक्षीदार बहुधा घरची बाईच असते. श्वास किती वेळा थांबतो, आचका येतो का, हे दोन-तीन रात्री पाहून ठेवा व डॉक्टरांना सांगा. घरात बाई घोरत असेल तर तिच्याकडेही असेच लक्ष द्या. लाजेने ती स्वतः सांगणार नाही. श्वास थांबत असेल, दिवसा पेंग येत असेल, रक्तदाब असेल, गळ्याचा घेर १६ इंचांहून जास्त असेल, तर झोपेची तपासणी करून घ्यावी. विकार किती आहे हे कळल्यावरच पट्टी की यंत्र हे ठरते. आधी पट्टी, मग तपासणी असा उलटा क्रम नको. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. जवळ असेल तेथे चौकशी करावी.

पंपाचा आवाज बदलला की आपण लगेच मिस्त्रीला बोलावतो. घरच्या माणसाच्या श्वासाचा आवाज बदलला तर तेवढीच तत्परता दाखवावी.