नाचणीचा उपदेश आणि नाचणीचा भाव

बंगळूरच्या वातानुकूलित सभागृहांतून सध्या कष्टकऱ्यांना उपदेश चालला आहे: भात सोडा, नाचणी खा, पृथ्वी वाचवा! रागीमुद्दे हे ज्यांच्या पूर्वजांचे अन्न, त्यांनाच हा उपदेश!

शास्त्राविषयी वाद नाही. पाणी साचलेल्या भातखाचरांतून मिथेन निघतो, युरियासाठी नैसर्गिक वायू खर्ची पडतो. कोलार-तुमकूरची नाचणी मात्र पावसावर पिकते. पण तिला ताटातून हद्दपार कोणी केले? हरितक्रांतीच्या काळात कालवे, खते व सरकारी खरेदी भात-गव्हाकडे वळविणाऱ्या धोरणानेच! २०२३ चे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष वाजतगाजत साजरे झाले. नाचणी मॉलच्या पाकिटात शिरली. २०२५-२६ साठी क्विंटलला ४,८८६ रुपये हमीभाव जाहीर झाला. परंतु खरेदीची हमी नसेल, तर तो कागदावरचाच भाव.

आणि काही मिनिटांत अन्न घरपोच करणाऱ्या कंपन्यांची शीतगृहे, प्लॅस्टिक, पेट्रोल यांचा हिशेब? तो कोणी मागत नाही. पेट्रोलचा भुर्दंड तर कामगारच सोसतो!

प्रश्न जिभेच्या चवीचा नसून उत्पादनावरील मालकीचा आहे. मर्यादा न घालता हमीभावाने नाचणी खरेदी करा, रेशनवर पुरेशी द्या. जनतेला उपदेश नको, धान्य हवे!