फुकटची वाहवा

कंपनीच्या आश्रयाविना, स्वतःच्या हिमतीवर गाणारा एखादा नवा गायक सापडला की आम्ही रसिक काय करतो? मित्रांना मोबाइलवर लिंक धाडतो आणि कृतकृत्य होतो! हे पाप मीही पुष्कळ केले आहे. पण २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम असा, की मागील बारा महिन्यांत १००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला छदामही मिळत नाही. म्हणजे ९९९ वेळची दाद शून्य! बँडकॅम्पवर तेच गाणे थेट गायकाकडून विकत मिळते. ते घ्यावे, मित्राला घरी बोलवावे, चहा पुढे ठेवावा आणि शेवटपर्यंत ऐकवावे. पदरचा पैसा न मोडता मिरवलेली रसिकता ही उसनी रसिकता होय. तिला मी दाद देणार नाही.