खर्ज आणि लाखेचं पॉलिश

निवृत्तीनंतर मी आणि माझ्या मित्रानं घरीच स्पीकर बांधले. लॅमिंग्टन रोडवरून 8 इंची वूफर आणले, 18 मिलिमीटरचं प्लायवूड कापून घेतलं. बंद पेटीला फट राहिली तर खर्ज ढिला पडतो, म्हणून सांधे फेव्हिकॉलनं भरले. लाखेच्या पॉलिशलाच तीन आठवडे गेले. बँकेतल्या सवयीनं हिशेब मांडला: तयार जोडी स्वस्त पडली असती. तरीही विकतचं घेऊ नये, असंच मी म्हणेन. त्याच्या आत आपल्याला हात घालता येत नाही.

मित्राला आता वरच्या पट्टीतलं नीट ऐकू येत नाही. ट्वीटरची पातळी मात्र त्यानंच ठरवली. मला ती कर्कश वाटते. एक रेझिस्टर वाढवला की भागेल. पण मल्लिकार्जुन मन्सूरांची तान आली की तो डोळे मिटून म्हणतो, 'हां, आता येतंय ऐकू.' रेझिस्टर माझ्या खणात पडून आहे.