४० यार्डांत माणूस मावतो का?

अमेरिकेतल्या एका टीमने वर्षभराच्या अंतराने दोन पोरं निवडली. त्यांची गोष्ट आधी सांगते, कारण पुढचा सगळा वाद तिच्यात आलाय.

सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या टीमला २०२१ मध्ये नवा क्वार्टरबॅक हवा होता. क्वार्टरबॅक म्हणजे मैदानावरचा सूत्रधार. चेंडू त्याच्या हातात आणि चाल त्याच्या डोक्यात. चांगला पोरगा हातचा जाऊ नये म्हणून टीमने निवडीच्या रांगेतला आपला १२ वा नंबर सोडून ३ रा नंबर विकत घेतला. त्यासाठी पुढच्या दोन वर्षांचे पहिल्या फेरीतले नंबरही देऊन टाकले. त्या नंबरवर आला ट्रे लान्स, करार सुमारे ३ कोटी ४० लाख डॉलरचा. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, याच टीमने २६२ जणांच्या यादीत अगदी शेवटी, २६२ व्या नंबरवर ब्रॉक पर्डी नावाचा क्वार्टरबॅक घेतला. या शेवटच्या खेळाडूला तिकडे चेष्टेने ‘मिस्टर इररेलेव्हंट’ म्हणतात. आपल्या भाषेत, असला काय नि नसला काय!

ऑगस्ट २०२३ मध्ये लान्सला टीमने चौथ्या फेरीतल्या एका नंबरच्या बदल्यात डॅलसला देऊन टाकलं. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पर्डी याच टीमला घेऊन सुपर बोल म्हणजे अंतिम सामना खेळत होता. सामना हरले, पण जादा वेळेत. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ते हेच.

आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की मेस्सी आणि रोनाल्डो आठवतात. हा फुटबॉल तो नव्हे. हा अंडाकृती चेंडूचा, हेल्मेट आणि खांद्यांवर पॅड घालून खेळायचा अमेरिकन फुटबॉल. त्याची व्यावसायिक लीग म्हणजे एनएफएल, त्यात ३२ टीम्स. या टीम्सना नवे खेळाडू मिळतात ते कॉलेजांमधून. शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय कुणाला घेता येत नाही. त्यामुळे निवडीला उभी राहणारी पोरं साधारण तुमच्याच वयाची असतात, २१-२२ ची.

निवडीची पद्धत आयपीएलच्या लिलावापेक्षा वेगळी आहे. लिलावात ज्याची बोली मोठी त्याचा खेळाडू. इथे बोलीच नाही. गेल्या मोसमात जी टीम तळाला होती तिने पहिल्यांदा निवडायचं, जिंकलेल्या टीमने शेवटी. अशा सात फेऱ्या. यालाच ड्राफ्ट म्हणतात. ज्या टीमने तुमचं नाव पुकारलं तिच्याशीच करार करायचा, आणि पैसे किती मिळणार हे बरंचसं तुमच्या नंबरवर ठरतं. लान्सला मिळालेला आकडा वर सांगितलाच. पर्डीचा मूळ पगार पहिली तीन वर्षं वर्षाला दहा लाख डॉलरपेक्षाही कमी होता.

आता वादाकडे येऊ. एप्रिलमध्ये ड्राफ्ट असतो आणि त्याच्या कितीतरी आधीपासून तिकडचे चाहते भांडत असतात. आपल्याकडे वर्ल्ड कपच्या टीमवरून कट्ट्यावर होतं, अगदी तसंच. एक गट म्हणतो, पोराने कॉलेजात खेळलेले सामने बघा, खेळ डोळ्यांना दिसतो. दुसरा म्हणतो, डोळे फसवतात, आकडे बघा. तिसऱ्याचं म्हणणं, पोराचा स्वभाव आणि डोकं तपासा. तिन्ही गटांकडे पुरावे आहेत. गंमत म्हणजे तिन्ही गटांच्या विरोधातही पुरावे आहेत.

आकड्यांपासून सुरुवात करू. १९८७ पासून दरवर्षी इंडियानापोलिस शहरात ‘कम्बाइन’ नावाचा कार्यक्रम होतो. तीनशेच्या वर खेळाडूंना बोलावतात. त्यांना ४० यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, पळवतात. उड्या मारायला लावतात. १०२ किलोंचं वजन किती वेळा उचललं ते मोजतात. सन २००० मध्ये टॉम ब्रॅडी नावाच्या पोराने हे ४० यार्ड कापायला ५.२८ सेकंद घेतले. फारच संथ. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले, त्याचा नंबर लागला १९९ वा. पुढे त्याने सात सुपर बोल जिंकले. उलट २०१७ मध्ये जॉन रॉस हेच अंतर ४.२२ सेकंदांत पळाला. तेव्हाचा विक्रम होता तो. सिनसिनाटीने त्याला ९ व्या नंबरवर घेतलं. दुखापतींनी छळलं हे खरं, पण एका मोसमात चेंडू झेलून ६०० यार्डही त्याला कधी गाठता आले नाहीत.

मग डोळ्यांवर विश्वास ठेवायचा? डोळ्यांना जे बघायची सवय असते तेच ते बघतात. वॉरन मून हा कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. जानेवारी १९७८ मध्ये त्याने आपल्या विद्यापीठाला मानाचा रोझ बोल जिंकून दिला. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव एकाही टीमने घेतलं नाही. कृष्णवर्णीय खेळाडू धावतील, झेलतील, पण टीमचं डोकं होणार नाहीत, हा समज तेव्हा सर्रास होता. मून कॅनडात गेला, एडमंटनकडून सलग पाच वेळा तिथला करंडक जिंकला, मग एनएफएलमध्ये आला. २००६ मध्ये त्याचं नाव हॉल ऑफ फेममध्ये लागलं. हे जुनं झालं म्हणावं, तर २०१८ मध्ये लमार जॅक्सनच्या बाबतीत काही जाणकार म्हणत होते की याने क्वार्टरबॅकचा नाद सोडून चेंडू झेलणाऱ्याची जागा घ्यावी. पहिल्या फेरीत शेवटी, ३२ व्या नंबरवर त्याला बाल्टिमोरने घेतलं. २०१९ आणि २०२३ या दोन मोसमांत तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. क्वार्टरबॅक म्हणूनच!

आणि डोक्याची परीक्षा? २०२३ मध्ये सी. जे. स्ट्राउडचे एका आकलन चाचणीतले गुण फार कमी असल्याची बातमी फुटली. झालं, चर्चा सुरू. याला मैदानावर काय समजणार, वगैरे. ह्यूस्टनने तरीही त्याला २ ऱ्या नंबरवर घेतलं. त्या मोसमातला आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित कोण ठरला? स्ट्राउडच.

इथे थोडं थांबून दुसरी बाजूही बघायला हवी. नाहीतर ‘परीक्षेत काही नसतं हो’ असं सोपं तत्त्वज्ञान हाती लागेल आणि ते खोटं आहे. पहिल्या फेरीतले खेळाडू एकंदरीत सातव्या फेरीतल्यांपेक्षा सरस निघतातच. कम्बाइनमध्ये होणारी वैद्यकीय तपासणी महत्त्वाची असते, मुळात ती सुरूच त्यासाठी झाली होती. स्काउट मंडळी मूर्ख नाहीत. वर्षभर गावोगावची कॉलेजं पालथी घालतात ती. प्रश्न वेगळा आहे. त्यांना जितकं कळतं, त्यापेक्षा किती जास्त कळतं असं त्यांना वाटतं?

याचं उत्तर केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी शोधलं. थेलर म्हणजे २०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेल विजेते. ड्राफ्टवरचा त्यांचा निबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी साधा प्रश्न विचारला. एकाच जागेवर खेळणारे दोन खेळाडू घ्या, एक आधी निवडलेला आणि एक त्याच्या लगेच नंतर निवडलेला. आधीचा खरोखर सरस निघण्याची शक्यता किती? उत्तर आलं सुमारे ५२ टक्के. नाणेफेकीपेक्षा जेमतेम बरं. तरीही टीम्स रांगेत पुढे सरकण्यासाठी भरमसाट किंमत मोजतात. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये जॅक्सनव्हिलने ५ व्या नंबरवरून २ ऱ्यावर येऊन ट्रॅव्हिस हंटरला घेतलं आणि त्यापायी पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीतला नंबरही क्लीव्हलँडला दिला. हंटर किती मोठा होईल हे काळ सांगेल. पण एकावर सगळं लावण्यापेक्षा मागे सरकून चार पोरांना आजमावणं शहाणपणाचं, हे मॅसी-थेलर यांचं गणित चाहत्यांच्या गळी उतरत नाही. टीम मागे सरकली की ते चिडतात. कारण हिरो एक असतो, चौघांचं पोस्टर लागत नाही.

इथपर्यंतचा वाद निवडीच्या दिवसापर्यंतचा. मला वाटतं खरी गडबड त्या दिवसानंतर होते आणि तिच्यावर कुणी फारसं भांडत नाही.

ब्रॅडीला खेळायला कधी मिळालं बघा. सप्टेंबर २००१ मध्ये टीमचा मुख्य क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो जबर जखमी झाला तेव्हा. पर्डीला? २०२२ मध्ये आधी लान्सचा घोटा मोडला, मग डिसेंबरमध्ये दुसऱ्या क्वार्टरबॅकचं, जिमी गारोपोलोचं पाऊल, तेव्हा. तिसरं नाव कर्ट वॉर्नर. १९९४ मध्ये कुणीच ड्राफ्ट केलं नाही, एका टीमने सरावाला बोलावून घरी पाठवलं, आणि हा गडी आयोवातल्या एका सुपरमार्केटमध्ये रात्री फळ्यांवर माल लावत होता. १९९९ मध्ये सेंट लुइसचा मुख्य क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीन याचा गुडघा गेला, वॉर्नर मैदानात उतरला, आणि त्याच मोसमात लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरून सुपर बोलही जिंकला.

तिघांनाही स्काउटने शोधलं नाही, प्रशिक्षकानेही ‘हा आता बरा खेळतोय’ म्हणून आपणहून पुढे काढलं नाही. दुसऱ्याचं हाड मोडलं म्हणून हे दिसले. मग ज्यांच्या पुढच्या माणसाला कधी खरचटलंसुद्धा नाही, असे किती वॉर्नर अजून फळ्यांवर माल लावत असतील?

नंबर एकदा चिकटला की सुटत नाही. बास्केटबॉलच्या एनबीएबद्दल १९९५ मध्ये दोन संशोधकांनी हेच दाखवलं. वरच्या नंबरवर निवडलेल्या खेळाडूंना मैदानावर जास्त वेळ मिळतो, त्यांचा खेळ तितकाच असला तरीही. कारण उघड आहे. ज्याच्यावर इतकं खर्च केलं त्याला बसवलं तर आपली निवड चुकली हे कबूल करावं लागतं. मग त्याला चौथी संधी मिळते आणि शेवटच्या नंबरवाल्याला पहिलीसुद्धा नाही. निवड पोराच्या गुणांवर होते म्हणता, पण नंतर त्याचे गुण दिसणार की नाही हे त्याचा नंबरच ठरवतो.

यावर प्रशिक्षकांचं उत्तर तयार असतं. मोसम सुरू झाला की सरावाला वेळ कुठे असतो? सगळ्यांना सारखं खेळवलं तर मुख्य खेळाडू तयार कसा होणार? बरोबर आहे. पण मोसमाआधीचं शिबिर असतं ना. तिथे ९० जण असतात, त्यातून ५३ ठेवायचे असतात, आणि तीन सराव सामनेही होतात. निदान तिथे तरी नंबर बाजूला ठेवून नव्या पोरांना सारखी वेळ द्या. बैठकीआधी प्रत्येक स्काउटला आपलं मत स्वतंत्र लिहून द्यायला सांगा, म्हणजे साहेबाचा कल बघून कुणी मान डोलावणार नाही. आणि तीन वर्षांनी ते कागद बाहेर काढा. घेतलेल्यांचे तपासा, तसे सोडलेल्यांचेही तपासा. हे करायला जादा पैसे लागत नाहीत, थोडा अहंकार खाली ठेवावा लागतो इतकंच. चाहत्यांनीही ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी टीमला ‘ए प्लस’ आणि ‘डी’ असे ग्रेड वाटणं बंद करावं. पेपर लिहून व्हायच्या आधी निकाल कसला लावताय?

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या करोडपती पोरांचं आम्हाला काय? पण निवडून घेणं आणि निवडलं जाणं, दोन्ही तुमच्या वाट्याला आलंय आणि येणार आहे. प्लेसमेंटच्या पहिल्या यादीत नाव नसलेला मित्र तुमच्याच बेंचवर बसतो. त्याला कंपनीने वीस मिनिटांत बघितलं, तुम्ही तीन वर्षं बघताय. त्या वीस मिनिटांचं मत तुम्हीही त्याच्यावर चिकटवू नका. आणि स्वतःचा नंबर मागचा असेल तर तो कुणीतरी घाईत लावलेला अंदाज आहे, एवढं लक्षात ठेवा.

शिवाय टेबलाच्या पलीकडे तुम्हीही बसणार आहात. काही जण तर आत्ताच बसलाय. एकांकिकेच्या ऑडिशन घेताय, फेस्टची कमिटी ठरवताय, कॉलेजच्या टीमची यादी लावताय. एफवायचं पोरगं एका दुपारी अडखळलं म्हणून ते तिन्ही वर्षं बॅकस्टेजला पडदे ओढतं, आणि मुख्य कलाकाराचा घसा बसला तरच त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो. कुणाचा घसा बसायची वाट बघू नका. यादी लावताना खाली आणखी एक ओळ लिहा: दुसरी ऑडिशन कधी, त्याची तारीख.