गिटार घेताना आधी मांडीवर घेऊन बघा

सातवीच्या सुट्टीत आमच्या लेकीला गिटार शिकायची होती. दुकानात तिने सगळ्यात मोठ्या, काळ्या चकचकीत गिटारवर बोट ठेवलं आणि आम्ही ती घेऊन आलो. दोन महिन्यांत गिटार कपाटावर गेली. ‘हिला कशातच चिकाटी नाही,’ अशी बोलणीही तिने खाल्ली. खरं कारण क्लासच्या सरांनी सांगितलं. गिटार तिच्यासाठी फार मोठी होती. वाजवताना तिचा उजवा खांदा वर उचलला जायचा आणि दुखायचा.

तुम्हीही गिटार घेणार असाल, तर रंगाआधी आकार बघा.

ड्रेडनॉट : रुंद, खोल आणि कंबर जेमतेम. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये हा आकार बनवला. नाव पडलं ब्रिटिश युद्धनौकेवरून. खर्ज दणदणीत, म्हणून गाण्याबरोबर सगळ्या तारा एकदम वाजवायला छान. पण पोट सुमारे ४० सेंटिमीटर रुंद. लहान चणीच्या व्यक्तीचा हात अवघडतो.

ऑडिटोरियम आणि ओएम : कंबर बारीक, त्यामुळे मांडीवर नीट बसते. सूर समतोल. बोटांनी एकेक तार छेडायची असेल तर ही घ्या.

पार्लर : सगळ्यात लहान. आवाज कमी, पण कुशीत सहज मावते.

जम्बो : सगळ्यात मोठी. नवशिक्यांनी घाई करू नये.

क्लासिकल : तारा नायलॉनच्या, त्यामुळे बोटांना कमी टोचतात. मात्र गळा रुंद असतो.

दुकानात कशी पारखाल?

‘३८ इंची’, ‘४१ इंची’ ही गिटारची एकूण लांबी असते. त्यावरून पोटाची खोली कळत नाही. बिनहाताच्या खुर्चीवर बसून गिटार मांडीवर घ्या आणि दहा मिनिटं तशाच बसा. खांदा सैल राहून हात तारांवर आपोआप पडला पाहिजे. मग दुसऱ्या कुणाला वाजवायला सांगून समोरून ऐका, कारण आवाज पुढच्या दिशेने जास्त जातो. शिकणाऱ्याला सोबत न्या. सरप्राइज देण्याच्या नादात माप चुकतं.

लेकीसाठी आम्ही नंतर सेकंडहँड ऑडिटोरियम घेतली. मोठी गिटार आता तिचे बाबा वाजवतात. आणि लेकीला मी ‘सॉरी’ म्हटलं, तेही राहून गेलं होतं.